वरचा दवाखाना

मी टॅब बोलतोय. दवाखान्यातला टॅब. खिडकीखाली लोखंडी टेबल आहे, त्यावर सुयांचा डबा, बीपीचा पट्टा, कापसाचा गठ्ठा, आणि त्यांच्या शेजारी पालथा पडलाय तो मी. पालथा अशासाठी, की बाईंना सकाळी सकाळी माझं तोंड बघायचं नसतं. बाई म्हणजे आमच्या नर्सबाई. पूर्वी मला स्वतःच्या रुमालाने पुसायच्या. आता धूळ बसली तर बसू देतात. एके काळी या टेबलावर माझा काय रुबाब होता! आज बोलून घेतो, कारण माझ्यासमोर सगळे बोलले, पण मला कुणी काही विचारलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथे आम्ही हजारोंनी जन्मतो आणि कुणी आम्हाला नाव ठेवत नाही. नावं ठेवणं नंतर सुरू होतं. माझ्यात अक्कल भरली ती मात्र एका थंडगार, काचेच्या खोलीत. त्या खोलीत कुठल्याही कोपऱ्यात उभं राहा, रेंज पूर्ण. तिथली माणसं हुशार होती आणि मनानेही वाईट नव्हती. "खेड्यातल्या रुग्णाची पायपीट थांबली पाहिजे," असं ती एकमेकांना सारखं सांगायची. गावातली नर्स मला उघडेल, पडद्यावर मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर येईल, तो रुग्णाला बघेल, आणि गरज असेल तर मंजुरीचा नंबर देईल. तो नंबर सांगितला की तिकडून रुग्णवाहिका सुटेल. ऐकून माझी छाती फुगली, छाती नसताना.

मग कुठेतरी दुसऱ्याच गावात एका महाभागाने घरबसल्या खोटे रुग्ण भरले. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं ते माझ्यावर शेकलं. माझ्यात कुलूप बसवलं. पहिल्या भेटीत रुग्णाचा चेहरा मी टिपून ठेवायचा आणि पुढे दर वेळी तो ताडून बघायचा. चेहरा जुळला तरच डॉक्टरची खिडकी उघडायची. शिवाय कुणी फोटो धरून फसवू नये म्हणून मी म्हणायचं, "कृपया डोळे मिचकावा." डोळे मिचकावले की समोर जिवंत माणूस आहे अशी माझी खात्री पटते. माणसं एकमेकांची खात्री कशाने पटवतात ते मला ठाऊक नाही.

असा सगळा जामानिमा करून मला या गावात धाडलं. मला घेऊन साहेब स्वतः आले होते. साहेब म्हणजे या सगळ्या कामावर देखरेख ठेवणारा माणूस, नेहमी घाईत. त्यांच्या कार्यालयात भिंतीवर मोठा पडदा आहे आणि त्यावर प्रत्येक गावाचे ठिपके. वेळेवर भेट झालेला रुग्ण हिरवा, राहिलेला लाल. "बाई, मला लाल दिसता कामा नये," एवढं सांगून, चहाही न घेता ते गेले.

बाईंनी मला मोठ्या उत्साहाने उघडलं. मी पडद्यावर एक चक्र दाखवलं. ते फिरत राहिलं. बाईंनी मला खिडकीत धरलं, अंगणात नेलं, भिंतीवर चढून हात उंच केला. चक्र फिरतंच. दवाखान्याच्या दारात साध्या फोनवर बोलण्यापुरती रेंज होती, चित्र जाण्याइतकी नव्हती. इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

तोड काढली पाणीवाल्याने. हा माणूस टेकडीवरच्या टाकीतून गावाला पाणी सोडतो. "बाई, रेंज टाकीवर आहे," तो म्हणाला. "मी रोज टाकी भरेपर्यंत तिथे बसून कुस्त्या बघतो. पाणी वाहून जातं पण कुस्ती अडकत नाही." बाई मला घेऊन टेकडीच्या पायऱ्या चढल्या. टाकीच्या कट्ट्यावर पाय ठेवला मात्र, माझं चक्र थांबलं आणि रुग्णाचा चेहरा मागणारी चौकट झळकली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पाणीवाल्याच्या पाठीत धपाटा घातला.

तेव्हापासून रुग्ण टेकडी चढू लागले. रुग्णाशिवाय मी उघडत नाही आणि टाकीशिवाय मला रेंज नाही, मग दुसरं काय होणार? गुडघेदुखीवाले चढले, दमेकरी चढले. वर पोचल्यावर धाप लागलेली असायची, आणि डॉक्टर विचारायचे, "धाप कधीपासून लागते?" लोक म्हणायचे, "आत्तापासून!" आणि सगळे हसायचे. मलाही तेव्हा गंमत वाटायची. एकदा म्हाताऱ्या न्हाव्याला मी डोळे मिचकावायला सांगितलं. त्याने एकच मिचकावला, आणि नेमकी त्याच क्षणी पडद्यावर तरुण डॉक्टरीणबाई आली. शेजारी त्याची बायको उभी होती. ती पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हळूहळू लोक त्या जागेला 'वरचा दवाखाना' म्हणू लागले. तिथे बाकडं आलं, पत्र्याची शेड आली. कुणी तरी पाय घसरून पडलं, तेव्हा साऱ्या गावाने श्रमदान करून पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लोखंडी रेलिंग लावलं आणि निळ्या रंगाने रंगवलं. रेंज खाली आणा असं कुणी म्हणालं नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! साहेबांनी रेलिंगचा फोटो मागवून घेतला आणि मोठ्या बैठकीत दाखवला. अवघड गावाने अडचणीवर मात कशी केली याचा नमुना म्हणून. टेकडी मात्र ते स्वतः कधी चढले नाहीत. बाईंनी तो फोटो दवाखान्याच्या भिंतीवर चिकटवला. आमचे ठिपके सगळे हिरवे होते आणि बाईंना त्याचा अभिमान होता. पूर्वी त्या पिशवी खांद्याला लावून घरोघर जायच्या. आता वेळच उरत नव्हता, वर-खाली करण्यात दिवस जायचा.

याच सुमारास टाचणी माझ्या आयुष्यात आली. ती गावचे कपडे शिवते. अंगाने किडकिडीत, जिभेने तिखट, आणि ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळं गाव तिला टाचणीच म्हणतं. नवरा दूरच्या शहरात ट्रकवर, घरी ती आणि सासू. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यावरून लोक बोलायचे तेव्हा ती म्हणायची, "तुमच्या पोरांचे कपडे शिवायलाच मला वेळ पुरत नाही, माझं कुठे आणू?" म्हणून तिला दिवस गेले तेव्हा सासूने ही बातमी आधी कुणाला सांगितलीच नाही. दृष्ट लागेल म्हणून नाही, तिचा स्वतःचाच विश्वास बसेना म्हणून.

पहिल्या भेटीला टाचणी पायऱ्या पळत चढली. मी तिचा चेहरा टिपायला लागलो तर ओठांत टाचण्या.

"अगं, त्या काढ. याला चेहरा नीट दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, माझा चेहरा केवढा! त्यातून टाचण्या काढल्या तर उरणार काय?"

पण तिने काढल्या. मी टिपून घेतलं: टोकदार हनुवटी, वर आलेली गालाची हाडं, केसात अडकलेला एक पिवळा धागा. मग मी म्हणालो, "कृपया डोळे मिचकावा." ती मला म्हणाली, "कृपया तूही मिचकाव की."  मला ती आवडली, हे सरळच सांगतो.

नंतरच्या भेटी तिने एकही चुकवली नाही. पोट वाढत गेलं तशी ती पायरीपायरीवर थांबू लागली, पण येत राहिली. बाई नोंद करायच्या: वजन ठीक, बाळाची हालचाल चांगली, ठोके नियमित. तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा.

मग तो दिवस आला. भर दुपारी सासू तिला धरून दवाखान्यात घेऊन आली. पाय सुजलेले, हात सुजलेले, आणि चेहरा असा भरलेला की डोळे आत गेले होते.

"बाई, डोकं फुटतंय," टाचणी म्हणाली. "आणि डोळ्यांसमोर काजवे. भर उन्हात काजवे, बघा माझी चैन!"

बाईंनी पट्टा बांधला, बीपी घेतलं, परत घेतलं. त्यांचा चेहरा बदलला. त्यांना कळलं होतं. त्यांनी तिला आडवं केलं, होती ती गोळी दिली आणि दारात जाऊन साध्या फोनवरून रुग्णवाहिकेच्या गाडीवाल्याला फोन लावला. पूर्वी त्यांच्या एका फोनवर गाडी यायची.

"नंबर सांगा, बाई," गाडीवाला म्हणाला.

"नंबर नंतर देते. पेशंट गंभीर आहे, तू नीघ आधी."

"नंबरशिवाय चाक हललं तर माझी चौकशी लागते. तुमच्या पाया पडतो, नंबर घ्या, मी गाडीत बसूनच आहे."

गावातली दुधाची गाडी सकाळीच गेली होती. दुसरं वाहन नव्हतं. पाणीवाला धावत आला होता. तो म्हणाला, "बाई, नुसता टॅबच वर नेऊ. तिचा फोटो दाखवू."

"फोटो चालत नाही रे. डोळे मिचकावायला सांगतो तो."

"मग मी मिचकावतो!"

कुणी हसलं नाही. शेवटी टाचणीला खुर्चीत बसवून न्यायचं ठरलं. पाणीवाल्याने आणि न्हाव्याच्या मुलाने खुर्ची उचलली, बाई मला घेऊन पुढे. पहिल्या वळणापर्यंत नीट गेलं. वळणावर खुर्ची रेलिंगमध्ये अडकली. रेलिंग नसतं तर दोघांनी बाहेरच्या मातीवर पाय देऊन खुर्ची वळवली असती. आता दोन्हीकडे निळे लोखंडी गज, गावाने एकजुटीने लावलेले. पाठीवर घ्यावं तर पुढे पोट. सासू रेलिंगला हलवून बघत होती, जणू म्हातारीच्या ताकदीने ते उपटणार होतं.

"सोडा मला. चालते मी," टाचणी म्हणाली.

आणि ती चालली. मला सांगायला राग येतो, पण ती चालली. एका हाताने गज धरून, दुसरा हात सासूच्या खांद्यावर, प्रत्येक पायरीवर थांबून. ज्या पायऱ्या तिच्यासारखीला कुणी दाखवूही नयेत, त्या ती माझ्यासाठी चढली. मला बनवलं होतं ती चालू नये म्हणून.

कट्ट्यावर रेंज आली. बाईंनी मला तिच्यासमोर धरलं. मी तिच्याकडे बघितलं. टोकदार हनुवटी नव्हती, गालाची हाडं नव्हती. माझ्याकडे जे होतं त्याच्याशी मी ताडून बघितलं आणि पडद्यावर लिहिलं: चेहरा जुळत नाही.

"अरे, तीच आहे!" बाई ओरडल्या. त्यांनी मला पुसलं, जवळ धरलं, लांब धरलं. चेहरा जुळत नाही. "कृपया डोळे मिचकावा." तिने मिचकावले. सुजलेल्या पापण्यांची उघडझाप मला कळली नाही. "कृपया डोळे मिचकावा." सासू माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "अरे बाबा, माझी सून आहे ती. मी ओळखते ना!" तिच्या ओळखण्याला माझ्यात जागा नव्हती. ज्या आजारासाठी ती आली होती, त्याच आजाराने तिचा चेहरा बदलला होता आणि मी तिला परकी म्हणत होतो. त्या थंड खोलीतल्या हुशार माणसांना हे सुचलं नव्हतं. त्यांच्यात कुणाचा चेहरा सुजला नसेल.

अखेर बाईंनी 'नवीन रुग्ण' हे बटण दाबलं. नाव नवं, नोंद नवी, सगळी माहिती पुन्हा पहिल्यापासून.  मी नवा, सुजलेला चेहरा टिपून घेतला, या वेळी पापण्यांची उघडझाप कशीबशी कळली, आणि खिडकी उघडली. आली ती मोठ्या दवाखान्यातली मॅडम, कानाला हेडफोन लावलेली.

"या पहिल्यांदाच दाखवताहेत का? नववा महिना लागत आला आणि आधीची एकही भेट नाही? इतका हलगर्जीपणा?"

"मॅडम, सगळ्या भेटी झाल्यात. त्या दुसऱ्या चेहऱ्याखाली आहेत."

"म्हणजे?"

"ते राहू द्या, मॅडम. बीपी ऐका."

बीपी ऐकल्यावर मॅडमचा आवाज बदलला. मंजुरीचा नंबर ताबडतोब आला. मग त्या टाचणीला अगदी प्रेमाने म्हणाल्या, "ताई, आता डाव्या कुशीवर पडून राहायचं. अजिबात चालायचं नाही. जिना तर बिलकूल चढायचा-उतरायचा नाही. कळलं?"

टाचणीने आजूबाजूला बघितलं. टाकी, पत्र्याची शेड, आणि खाली लांबवर गाव.

"मग मॅडम, मी आता इथेच राहू?" ती म्हणाली.

मॅडमना प्रश्न कळला नाही. वेळ संपली आणि खिडकी मिटली.

उतरताना मधल्या वळणावर तिला आकडी आली. पाणीवाल्याने तिला अंगावर झेललं. त्याचं डोकं रेलिंगवर आपटून रक्त आलं, पण त्याने तिला सोडलं नाही. गाडी आली, बाई तिच्याबरोबर गेल्या. हे मला मागाहून कळलं, कारण मी टाकीच्या कट्ट्यावर उन्हात तसाच पडून राहिलो होतो. मला घेऊन जायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि बरंच झालं.

टाचणी वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

साहेबांचा फोन आला तो अभिनंदनाचा. "नवीन रुग्ण, आणि नोंदणीपासून मंजुरीपर्यंत इतक्या लवकर! बाई, तुमचं उदाहरण पाठवतोय वर." बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीवरचा रेलिंगचा फोटो काढून घेतला. फाडला नाही, घडी करून कपाटात टाकला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण माझ्यात आता दोन टाचण्या झाल्या होत्या. सुजलेली टाचणी प्रसूत झाली, तिची नोंद बंद. किडकिडीत टाचणीचं काय? ती माझ्या हिशेबी गरोदरच होती. तिची तारीख आली, गेली, आणि मी लाल ठिपका दाखवू लागलो: प्रसूतीची तारीख उलटली, रुग्णाला भेटा.

"बाई, ही कोण अजून बाळंत झाली नाही?" साहेबांनी फोनवर विचारलं. बाईंनी सगळं सांगितलं.  मग साहेब म्हणाले, "वाईट झालं. पण ती नोंद इथून बंद होत नाही. रुग्ण समोर असला तर दोन मिनिटांचं काम आहे. घेऊन या ना एकदा वर."

बाईंनी बरेच दिवस टाळलं. एके दिवशी मला पिशवीत घालून तिच्या घरी गेल्या.

टाचणी मशीनवर बसली होती. सूज उतरली होती, हनुवटी पुन्हा टोकदार. सासू काजं करत होती. बाईंनी काम सांगितलं, अडखळत.

"आता चेहरा जुळेल," त्या म्हणाल्या. "एकदाच चल. माझ्यावर उपकार होतील."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या. "जुळला की काय होणार?"

"तुझी नोंद बंद होईल."

"म्हणजे आता चालू आहे?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "त्याच्यात तू अजून बाळंत झालेली नाहीस गं."

मशीनचं चाक तिने हाताने थांबवलं. "दाखवा," ती म्हणाली.

त्या लाल सूचनेच्या खाली शेवटच्या भेटीची नोंद दिसते. ती बघायला रेंज लागत नाही, चेहराही लागत नाही. बाईंनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. टाचणीने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सासू म्हणाली, "काय लिहिलंय गं त्यात?"

"हालचाल चांगली आहे म्हणे, आई. ठोके नियमित आहेत."

सासूने सुई खाली ठेवली आणि ती रडू लागली. टाचणी रडली नाही. तिने मला उचलून बाईंच्या हातात दिलं.

"मी येणार नाही वर," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांना काय सांगायचं ते सांगा. ती कुठेच नाही, बाई. घरात नाही, माझ्यात नाही. एवढ्या एका ठिकाणी आहे, तर राहू द्या तिला तिथे."

म्हणून मी पालथा असतो. साहेबांचा फोन अजून येतो आणि बाई, ज्यांना लाल ठिपका खपत नव्हता त्या बाई, सांगतात, "रुग्ण घरी नव्हता, सर." साहेब, हे ऐकत असाल तर माझी एवढी विनंती आहे. माझ्यातली नोंद चुकीची आहे, हे मला ठाऊक आहे. बरोबर-चूक तेवढं मला शिकवलंय. तरीही तिला वर बोलावू नका. ठोके नियमित आहेत, हालचाल चांगली आहे, आणि मी आहे तोवर तिला सांभाळीन.